श्रीखंडाच्या डब्यातला राखणदार

माझ्या घरात कॅमेरा बसवायचा, ही कल्पना माझ्या मुलीची. त्या हिवाळ्यात मी बाथरूममध्ये घसरले आणि दीड तास मला उठता आलं नाही. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर. तो वाजत होता, मला ऐकू येत होता, आणि मी ओल्या फरशीवर बसून त्याच्याशी भांडत होते. शेवटी बादलीचा आधार घेऊन उठले. काही मोडलं नव्हतं. पण मुलीला हे कळलं आणि ती बंगळूरहून दोन दिवसांची रजा काढून आली, ती कॅमेऱ्याचं खोकं घेऊनच.

"एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. मला ऑफिसातून मोबाईलवर दिसेल," ती म्हणाली.

"माझ्या घरात कॅमेरा? मी काय सराफाचं दुकान आहे?"

"आई, तू एकटी असतेस."

"म्हणूनच. एकटं माणूस घरात कसंही बसतं, कसंही फिरतं. ते कुणी बघायचं नसतं."

भांडण झालं. ते आमच्यात नवीन नाही. तिचे वडील होते तोवर मध्ये पडायचे. ते जाऊन आता तीन वर्षं झाली, त्यामुळे आमची भांडणं आपोआप मिटत नाहीत, तशीच पडून राहतात. खोकं परत गेलं आणि मुलगीही. जाताना ती दारात म्हणाली, "मग तूच काहीतरी कर. तुला सगळं येतं ना?"

हे मात्र खरं होतं. मी आयटीआयमध्ये सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात घालवली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माझ्या हाताखालून गेलेली मुलं अजून भेटतात आणि "मॅडम, तुमचा मार अजून आठवतो" म्हणतात. मार मी कुणाला दिला नाही. फूटपट्टी टेबलावर आपटायचे, तेवढंच. ती आपटायची वेळ बहुतेकदा एकाच कारणाने यायची. प्रयोगात रीडिंग वेडंवाकडं आलं की मुलं ते गुपचूप बदलून आलेखावर नीट बसवायची. माझा नियम एकच होता. जे रीडिंग येईल ते लिहायचं. आवडलं नाही तरी लिहायचं. खोट्या रीडिंगला माझ्याकडे शून्य मार्क.

तर मी कामाला लागले. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक मिळतो. एकच पाटी, तिच्यावरच सगळं. वर टोचायला पिना, बाजूला तारा लावायच्या जागा. आमच्या वेळी एवढ्या कामाला कपाटभर सामान लागलं असतं. तो मागवला, मेमरी कार्ड मागवलं, हालचाल ओळखणारा सेन्सर, दोन चुंबकाचे स्विच. माझा बेत असा की चित्र, आवाज, काही म्हणजे काही घराबाहेर जाणार नाही. जे बघायचं, मोजायचं, ठरवायचं, ते हा चिमुकला संगणक घरातल्या घरात ठरवेल आणि बाहेर फक्त निकाल पाठवेल. मुलीच्या मोबाईलवर एक शब्द. याला हल्ली एज कॉम्प्युटिंग म्हणतात. सगळी माहिती लांबच्या कुठल्या मोठ्या संगणकाकडे न पाठवता जिथल्या तिथे निकाल लावायचा. मला यात नवीन काही वाटलं नाही. घरातलं घरात ठेवायचं आणि विचारणाऱ्याला "ठीक आहे" म्हणायचं, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाईने केलेलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या दिवशी तो चालूच होईना. चालू व्हायचा, दोन मिनिटांनी स्वतःच बंद पडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह यायचं. अख्खी दुपार मी कार्ड पुन्हा पुन्हा भरत बसले. संध्याकाळी लक्षात आलं की मी त्याला जुन्या मोबाईलचा चार्जर लावलाय. तेवढ्या विजेवर त्याचं पोट भरत नव्हतं. "आधी सप्लाय तपासा" हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हटलंय की मुलांनी ते बाकावर कोरलं होतं.

दुसरी चूक याहून भारी. सगळं जोडून झालं, चाललं, आणि मग उघड्यावर धूळ बसेल म्हणून मी तो संगणक पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. झाकणही घट्ट लावलं, बायकी सवयीने. वायफाय गेलं. मी राउटर बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, नेटवाल्याला फोन करून झापलं. त्याने बिचाऱ्याने "मॅडम, आमच्याकडून ओके आहे" म्हटल्यावर त्यालाही दोन शब्द सुनावले. मग डब्याकडे बघितलं. धातूच्या बंद डब्यातून रेडिओची लहर बाहेर येत नाही, हा धडा मी दर वर्षी डबा आणि ट्रान्झिस्टर घेऊन करून दाखवायचे.

मी एकटीच मोठ्याने हसले. हसता हसता मागे वळले, कुणाला तरी सांगायला. मागे फ्रिज होता.

शेवटी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा सापडला. स्वेटर विणायची सुई गॅसवर तापवून त्याला भोकं पाडली, गरम हवा बाहेर जायला. एप्रिलचं नाशिक, त्यालाही उकडणारच. डबा स्वयंपाकघराच्या फळीवर बसवला. तिथून सेन्सरला ओटा, देवघर आणि हॉलचं दार, तिन्ही दिसत. एक स्विच फ्रिजच्या दाराला, एक गोळ्यांच्या खणाला. प्रोग्रॅम लिहायला मात्र तीन आठवडे लागले. व्हिडिओ बघून शिकले. त्यातला माणूस फार भरभर बोलतो आणि अधूनमधून "इट्स सिम्पल" म्हणतो. मी त्याला उलट उत्तरं द्यायचे.

हिशोब साधा होता. सकाळी सहापासून दर चार तासांनी यंत्र बघणार: हालचाल झाली का, फ्रिज उघडला का, खण उघडला का. काहीही एक झालं असेल तर "ठीक". काहीच झालं नाही तर "हालचाल नाही". दहा, दोन, सहा, दहा असे चार निरोप. ते मुलीच्या मोबाईलवर आणि एक प्रत माझ्याकडे.

पहिला "ठीक" गेला तेव्हा तिने लगेच फोन केला. "आई! तू खरंच बनवलंस? मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी शिरा केला. पुढचे काही दिवस तिच्याकडून प्रत्येक "ठीक"ला एक अंगठा यायचा. मग दिवसाला एक अंगठा. मग अंगठेही थांबले. मी म्हटलं, बरोबर आहे, कामाचं माणूस आहे.

इथे एक सांगायला हवं. तोवर ती मला रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायची, ऑफिसातून घरी जाताना गाडीतून. पाच-दहा मिनिटं. प्रश्न ठरलेले: जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. आणि मी वैतागायचे. "रोज तेच काय विचारतेस? मी काय पेशंट आहे?" असं मी तिला एकदा नाही, दहादा म्हटलंय. यंत्र आल्यावर जेवणाचं आणि गोळीचं उत्तर तिला आधीच मिळाल्यासारखं झालं. फोन एक दिवसाआड आला, मग आठवड्यातून दोनदा, मग रविवारी. एका बुधवारी मला राहवलं नाही, मी म्हणाले, "फोन नाही केलास गं." ती सहज म्हणाली, "अगं, ठीक आलं होतं ना, म्हणून नाही केला."

ती खोटं बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही. मी फोन ठेवला आणि श्रीखंडाच्या डब्याकडे बघत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्या फोनची किंमत नव्हती असं नाही. मला माहीत नव्हतं, एवढंच. साडेसात वाजायच्या आधी मी साडी नीट करायचे, फोन चार्ज आहे ना बघायचे, तिला सांगायला दिवसभरातलं काहीतरी बाजूला काढून ठेवायचे. कॉलेज रोडवरचं कुठलं झाड तोडलं, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं. मग ती जेवलीस का विचारायची आणि मी भडकायचे, आणि ते बाजूला काढलेलं तसंच राहायचं. पण बाजूला तरी निघायचं. आता दिवसातलं काही बाजूलाच निघेना.

मला तिचा फोन परत हवा होता. मागायची लाज वाटत होती.

सोपा उपाय समोर होता. सेन्सरची आणि दोन्ही स्विचची तार सोडवायची. चार तासांत "हालचाल नाही" गेलं असतं आणि फोन वाजला असता. दोनदा हात तिथपर्यंत गेला. पण खोटं रीडिंग. साठी उलटल्यावर मी कुठल्या तोंडाने स्वतःला शून्य मार्क देणार?

मग नवरात्र आलं आणि मला एक पळवाट सुचली. मी खरोखरच घरात नसले तर? कुणाला न सांगता दिवसभर बाहेर गेले, तर घरात हालचाल नसेल, यंत्र तसंच सांगेल, आणि त्यात खोटं काही नसेल. आमच्याकडे घट बसतात. घट असताना घर बंद ठेवू नये, अखंड दिवा लागलेला असतो, कुणीतरी घरी पाहिजे. सासूबाई सांगून गेल्यात. एकट्या बाईने काय करायचं ते सांगून गेल्या नाहीत. मी मोठ्या समईत तेल काठोकाठ भरलं, वात जाड केली, आजूबाजूचं सगळं हलवलं, देवीला म्हटलं, "तुझ्याकडेच येतेय, तेव्हा रागावू नकोस," आणि पहाटे साडेपाचला कुलूप लावलं.

सीबीएस बसस्थानकावर नवरात्राची गर्दी, तीन गाड्या सोडल्या तेव्हा कुठे देवीच्या गडाची एसटी मिळाली. वणीपर्यंत मला खिडकी होती. दहाला पाच कमी असताना मी पर्समधून फोन काढून हातात घेतला. गाडी घाट चढत होती. दहा वाजले. सव्वादहा. मी मनात तिचं वाक्यही तयार करून ठेवलं होतं, "आई, कुठे आहेस तू?" आणि माझं, "अगं, मी गडावर आलेय, तू काळजी करू नकोस." हे दुसरं वाक्य मी इतक्या शांत आवाजात म्हणणार होते.

साडेदहाला फोन वाजला. एक मुलगा मला विमा विकत होता. मी त्याला पूर्ण बोलू दिलं.

वर देवळापर्यंत नेणाऱ्या ट्रॉलीला रांग होती म्हणून रागाने पायऱ्यांनी निघाले. तो शहाणपणा निम्म्यात संपला. गुडघा धरला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. कडेला नारळ-ओटीचं दुकान लावलेली एक बाई उठून आली आणि तिने मला हाताला धरून आपल्या खोक्यावर बसवलं.

"बसा हितं मावशी. पानी घ्या. लय ऊन हाय. संगं कोनी नाय का?"

"नाही. एकटीच आलेय."

"एकल्यानं नका येत जाऊ. पोरंबाळं नाय का?"

"आहे ना, मुलगी आहे. येईल तिचा फोन."

मी तिच्या खोक्यावर तासभर बसले. ती गिऱ्हाईक करत होती आणि मधूनच माझ्याकडे बघून विचारायची, "आला का फोन?" दोन वाजून गेले. दुसऱ्या निरोपाची वेळही टळली. शेवटी तिने विचारायचं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. मी खालूनच कळसाला हात जोडले, तिच्याकडून ओटी घेऊन तिच्याच हाती वर पाठवायला दिली आणि परतीची गाडी धरली.

घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. दिवा जळत होता. चप्पल काढायच्या आधी फोनमधले निरोप उघडले. दिवसभर मी फक्त तिच्या फोनची वाट बघत होते, निरोपांची माझ्याकडची प्रत उघडलीच नव्हती. सकाळी दहा: ठीक. दोन: ठीक. सहा: ठीक.

पहिला विचार आला चोराचा. खिडक्या पाहिल्या, कपाट पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग नोंदी उघडल्या. दिवसभर दर दोन-चार मिनिटांनी हालचाल. मी ओट्यासमोर खुर्ची ओढली आणि सेन्सरच्या लाल दिव्याकडे बघत अगदी स्तब्ध बसले. मी हलत नव्हते. तरी तो लुकलुकला. खिडकीतून वारा आला की समईची ज्योत वाकायची, आणि ज्योत वाकली की तो लुकलुकायचा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, हलणारी ऊब ओळखतो. एरवी घरात हलणारी ऊब मी एकटीच. म्हणून देवघरातली ज्योतही तो मोजेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

म्हणजे मी गडावर परक्या बाईच्या खोक्यावर डोकं धरून बसले होते तेव्हा घरातून माझ्या मुलीला कळवलं जात होतं की आई ठीक आहे. मला तेव्हा रडू आलं, ते सांगायला हरकत नाही. बऱ्याच वेळाने उठून समईत तेल घातलं.

सेन्सर दुसऱ्याच दिवशी हलवला, देवघर दिसणार नाही असा. ती दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण यंत्राचं प्रत्येक रीडिंग मी एका वहीत उतरवून ठेवायचे, ती समोरची वही मिटवेना. समईचं सोडा, समई नव्हती त्या दिवसांचं काय? एप्रिलपासून मी रोज चार वेळा "ठीक" पाठवत होते. फ्रिज उघडला म्हणजे ठीक, हे कुणी ठरवलं? मीच. मुलं रीडिंग बदलायची. मी त्याहून हुशार निघाले. मी काय मोजायचं नाही तेच आधी ठरवून टाकलं होतं.

म्हणून एक छोटा माईक आणला. प्रोग्रॅम असा लिहिला की खोलीत माणसाचा आवाज आहे की नाही एवढंच यंत्राने ओळखायचं. शब्द समजून घ्यायचे नाहीत, साठवायचे नाहीत, फक्त किती मिनिटं ते मोजायचं. टीव्ही चालू असताना मोजणी बंद, टीव्हीवरच्या बायकांची भांडणं माझ्या नावावर नकोत. पाच दिवस कुणाला काही न कळवता मोजलं.

पहिल्या दिवशी एक मिनिट. बघितलं तर ती माझीच चाचणी होती: "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी काही सेकंद, गॅलरीतल्या कबुतराला हाकललं तेव्हाचे. चौथ्या दिवशी शून्य. पाचव्या दिवशी रविवार होता, मुलीचा निरोप आला, "आज जरा धावपळ आहे गं." शून्य. आता बाहेर मी बोलतेच. मेथी कशी दिली, सुटे नाहीत, असं. ते यंत्राला कळत नाही. पण घरात माणसाचा आवाज नाही हे खरं होतं, आणि ते यंत्राने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं मी दिवसभर बोलत असते. ते सगळं मनात होतं.

हे मुलीला पाठवणं म्हणजे भीक मागणं, असं वाटलं. न पाठवणं म्हणजे काय, तेही माहीत होतं. सोमवारी सकाळी प्रोग्रॅम उघडला आणि सहाच्या निरोपाला एक ओळ जोडली. त्या संध्याकाळी गेलं: "ठीक. आजचं बोलणं शून्य मिनिटं." मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

शुक्रवारी साडेसातला फोन वाजला. मी साडी नीट केली नव्हती.

"आई, अगं तुझं मशीन बिघडलंय बहुतेक," ती म्हणाली. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "चार-पाच दिवस झाले, बोलणं शून्य दाखवतंय. माईकची वायर लूज असेल. बघ ना जरा."

"वायर बघितली."

"मग?"

"माईक चांगला आहे," मी म्हणाले. "रीडिंग बरोबर आहे."

सिग्नल लागला असावा, हॉर्न थांबले. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने नाक ओढलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून," मी म्हणाले. "काय करू, तू सांग."

फोन ठेवला तेव्हा आठ वाजून गेले होते. अर्धा तास झाला होता. मी यंत्रात बघितलं, त्याने नऊच मिनिटं धरली होती. त्याचीही चूक नाही. फोन माझ्या कानाला होता. त्याला फक्त मीच ऐकू येते, पलीकडची ती नाही. मी नऊ मिनिटं तशीच वहीत लिहिली, आणि पुढच्या वेळी फोन स्पीकरवर ठेवायचा असं ठरवलं.